सिनेमात मागं बघायचं

४ जानेवारी, शनिवार

सत्यम, लिहायला फार उशीर झाला, रागावू नको. दिवाळीनंतर तू मुंबईला निघालास तेव्हाच म्हणाला होतास, आबा, जो पिक्चर बघाल त्याच्याबद्दल दोन ओळी लिहून ठेवा, मी आलो की वाचीन. तेव्हापासून वही शोधतोय, वही शोधतोय असं करण्यातच दिवस गेले. काल तुझ्या बापानं, गोकुळनं, शेंद्र्याच्या कंपनीतून नव्या वर्षाची डायरी आणली. जाड पुठ्ठ्याची आहे, पानोपानी तारीख छापलेली. एवढी कोरी पानं भरायची कशी? सातवी नापास माणूस मी. शुद्धलेखन तपासत बसू नको.

तू सांगितलं तसंच करणार आहे. "आबा, हिरोकडं बघायचंच नाय. मागं बघायचं. बाजार असंल, लग्न असंल, कोर्ट असंल, मागं माणसं उभी असत्यात, त्यात मी दिसंन." कुठल्या सिनेमात, ते तुलाही ठाऊक नाही म्हणालास. गर्दीत उभं राहणाऱ्यांना सिनेमाचं नाव कोण सांगतंय. म्हणून मी ठरवलं की येतील ते बघायचे. मी काही शौकीन माणूस नाही. तुझी आजी वच्छला असताना वर्षातून एखादा बघायचो, तोही तिनं धरून नेला तर.

सोबतीला शेजारचा जहांगीर आहेच. त्या मॉलच्या सरकत्या जिन्यावर एकट्यानं पाय टाकायची माझी छाती होत नाही. आणि छातीचं म्हणशील तर मागच्या वर्षी दवाखान्यातून आल्यापासून तुझी आई मला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही एकटं सोडत नाही. डॉक्टरनं घरच्यांना बजावलंय, म्हाताऱ्याला एकदम काही वाईट सांगत जाऊ नका. तेव्हापासून ही माणसं मला दूध नासलं तरी सांगत नाहीत.

१० जानेवारी, शुक्रवार

पोलिसाचा सिनेमा पाहिला. नाव इंग्रजी होतं. एकटा फौजदार आणि समोर गुंडांची रांग. तो एकेकाला उचलून फेकतो. सगळं थिएटर त्याच्याकडं बघून शिट्ट्या मारत होतं आणि मी पडणाऱ्यांकडं बघत होतो. एक जण भाजीच्या गाड्यावर आदळला, टमाटे चिरडले. पाठीमागून हुबेहूब तूच. मी जागेवरून उठलो. तोंड वळलं तर चाळिशीचा मिशाळ माणूस.

जहांगीर म्हणाला, "अरे कारभारी, तू पिच्चर देखने आया की जनगणना करने आया रे?"

मी म्हणालो, "तू तुझं बघ."

"मैं तो देख रा. पीछेवाले तेरे कू देख रे. बैठ नीचे."

माझं मत विचारशील तर सिनेमा बरा. फौजदाराची आई जरुरीपेक्षा जास्त रडते. आणि एवढा गोळीबार होऊनही दुकानं उघडी कशी राहतात? आपल्या शहागंजात नुसती अफवा उठली तरी शटर खाली येतात. मार खाणाऱ्यांत तू नव्हतास, ते चांगलं झालं. तसलं काम घेऊ नको.

१९ जानेवारी, रविवार

भुताचा पाहिला. मला तसले चालत नाहीत, पण जाहिरातीत गावाची जत्रा दिसली, म्हणून गेलो. जत्रेतच भूत निघालं. मी डोळे मिटून घेतले आणि जत्रा संपली तरी उघडले नाहीत. घरी आल्यावर जीव खायला लागला की नेमका तिथंच तू असशील तर? आज परत गेलो. जहांगीर सारखा पुटपुटत होता. मी विचारलं, काय म्हणतोस? तर म्हणाला, "दुआ पढ रा हूं. तेरे वास्ते भी पढ रा."

जत्रेतला एकेक चेहरा पाहिला. तू नव्हतास. आता भुताकडं बघायचं राहिलं, पण भूत तू नसणार. भुताचं काम बाईलाच का देतात, ते मला कळत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

आज तुझा फोन आला. आवाज बसलेला वाटला. तू म्हणालास झोप कमी होते. मी विचारलं, चार-पाच सिनेमे पाहिले, कुठंच नाहीस, असं कसं? तू हसलास. "आबा, ते आधीचे असतील. आपले यायचेत अजून."

मग म्हणालास, आता लाइटवाल्यांसंगं आहे, वर चढून दिवे बांधायचे. गर्दीत उभं राहिलं तर एक दिवस काम आणि चार दिवस घरी, हे मात्र रोजचं. मी म्हणालो, बाबा, वर कशाला चढतो? लहानपणी देवगावला शाळेच्या पत्र्यावर चढला होतास तर खाली उतरवायला माझ्या पुतण्याला, कडुबाला, शिडी आणावी लागली. तू म्हणालास, "खाली माणसं असत्यात धरायला. तुमी नका काळजी करू."

तुझ्या आईनं फोन ओढून घेतला. काय जेवलास, काय जेवलास, एवढंच चाललं. तनुजाचं हे असंच. पोरगं दिल्लीचा राजा झालं तरी विचारेल भाजी कसली होती.

संध्याकाळी प्रेमाचा सिनेमा पाहिला. बर्फात. मागं सगळे गोरे लोक. पहिल्या गाण्यालाच कळलं की इथं आपलं माणूस असणं शक्य नाही, पण तिकीट काढलं होतं म्हणून बसून राहिलो. हिरोईन बर्फात पातळ लुगडं नेसून हिंडते. तिला न्यूमोनिया होईल असं मला शेवटपर्यंत वाटत होतं. झाला नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज घरात काय झालं ते नीट कळलं नाही. कळलं तेवढं लिहितो.

तुझी आई भाकरी थापत होती. गोकुळ कामावर निघाला होता, तेवढ्यात त्याला फोन आला. तो फोन कानाला लावूनच दारात खाली बसला. तुझ्या आईनं तव्यावरची भाकर तशीच सोडली, ती जळाली, सगळ्या घरात धूर झाला. मी विचारलं, काय झालं रे? गोकुळ माझ्याकडं बघेना. जहांगीरचा तन्वीर धावत आला, त्यानंच सांगितलं, "चाचा, पाचोडवाल्या नानीची तब्येत खराब झाली."

तनुजाची आई म्हणजे माझी विहीण. गेल्या महिन्यात तर ती लग्नात नाचली म्हणे. असो, वयाचा काही भरवसा नाही.

तनुजा चप्पल न घालताच गाडीत बसली. मी चप्पल घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. पाचोडला जायचं तर बीडचा रस्ता. तन्वीरची गाडी मुंबईच्या अंगाला वळली. मी जहांगीरला म्हणालो, हा पोरगा रस्ता चुकला. जहांगीर म्हणाला, "पेट्रोल भरने गए होंगे." मग त्यानं माझ्या हातातली चप्पल काढून घेतली आणि माझा हात धरला. हात सोडलाच नाही बराच वेळ. म्हातारपणी तोही हळवा झालाय.

२६ फेब्रुवारी, बुधवार

जेवण जहांगीरकडं. त्याची सून गुलशन माझ्यासाठी वेगळं बिनतिखटाचं करते. लई जीव लावते पोरगी, पण वाढताना डोळ्याला पदर. कांदा म्हणते. वरणाला कसला कांदा?

गोकुळचा फोन रोज येतो. "दादा, गोळ्या घेतल्या का?" विहीणबाई कशा आहेत विचारलं की म्हणतो, "हाय तसंच हाय." मागं माणसांचा आवाज येतो. तुझा फोन बंद लागतो. एक बाई सांगते, बंद आहे, थोड्या वेळानं करा. मी थोड्या वेळानं करतो. ती पुन्हा तेच सांगते.

जहांगीर मला रोज सिनेमाला नेतो. मी म्हणालो, काय रे, आधी ओढून न्यावं लागायचं तुला. म्हणतो, "घर में बैठ के क्या करेगा?" काल इंग्रजी कार्टूनमध्ये नेऊन बसवलं. सगळी अस्वलं आणि उंदीर. माणूस एक नाही. पोरं खिदळत होती. मी जहांगीरला म्हणालो, यात सत्यम कुठून दिसणार? तो चष्मा काढून पुसत बसला.

आज साऊथचा, हिंदीत बोललेला. ओठ एक बोलतात आणि आवाज दुसराच येतो, त्यामुळं माझा त्यांच्यावर विश्वास बसत नाही. पण गर्दी म्हणशील तर अशी गर्दी मी पाहिली नव्हती. हजारो माणसं, काळी, तेल लावलेली, कोयते घेतलेली. डोळे दुखले. मग एक माणूस इमारतीवरून खाली पडतो. पडतो ते सावकाश दाखवलंय, हातपाय हवेत. तेवढ्यात जहांगीरनं माझं मनगट आवळलं. "चल, उठ. मेरा सर दुख रा."

मी म्हणालो, "अरे, अजून मध्यांतर पण झालं नाही."

"उठ बोला ना तेरे कू!"

असा ओरडला की पुढच्यांनी माना वळवल्या. बाहेर येऊन पायरीवर बसला आणि घाम पुसत राहिला. त्याचं बीपी वाढलंय, मी तन्वीरला सांगणार आहे.

६ मार्च, गुरुवार

गोकुळ आणि तनुजा आले. दोघं वाळलीत. गोकुळची मिशी नाही. मी बघतच राहिलो.

"मिशी का काढली रे? बाप मेला का तुझा?"

एरवी असं म्हणालो असतो तर हसला असता. तो खाली बघून म्हणाला, "कंपनीत मास्क बसत नाय दादा. सगळ्यांनीच काढली."

तनुजाला म्हणालो, "आई बरी आहे का?"

"बरी हाय मामा."

"मग तू का अशी दिसतेस?"

ती आत गेली. मी गोकुळला विचारलं, एवढे दिवस पाचोडातच होता का? म्हणाला, मधे पैठणला जाऊन आलो. का? तर गंगेत अंघोळ करायची होती. पाचोडहून पैठण जवळ आहे, जावंसं वाटलं असेल. पण अंघोळीला म्हणून कोणी पैठणला जात नाही. माणूस पैठणला दुसऱ्या कामानं जातो. विहीणबाई गेल्या आणि मला सांगत नाहीत, असं माझ्या मनात आलं. मग मिशी गोकुळनं का काढली, तिला मुलगे आहेत, असंही मनात आलं. पुढचा विचार केला नाही. गोळी घेतली आणि पडलो.

सत्यम, तुझा फोन अजून बंद आहे. तुझी आई म्हणते, लांब शूटिंग आहे, फोन जमा करून घेतात. म्हणताना ती भिंतीकडं बघत होती.

१२ मार्च, बुधवार

आज देवगाव रंगारीहून माझा पुतण्या कडुबा आला, बायको चंपाबाईला घेऊन. तुला माहीत आहे कडुबा कसा आहे. दारातूनच सुरू होतो. "काका, म्हातारी बघितली का तुमच्यासाठी? एक हाय, दात नाय पण शेती लई हाय." आज आला तो गप्प. पायातलं काढून भिंतीला टेकून बसला. चंपाबाई थेट आत गेली. आतून आधी आवाजच आला नाही, मग तोंडात पदर कोंबल्यावर येतो तसा आला.

मी म्हणालो, "कडुबा, हरभरा काढला का?"

"काढला."

"कसा उतरला?"

"उतरला बरा."

"चहा ठेवायला सांगू का?"

"नको काका. आज नको."

कडुबानं चहाला नको म्हणणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवणं. थोडा वेळ माझ्या पायाकडं बघत बसला. मग दोघं उठली, पायात घातलं आणि चालती झाली. मला वाटलं, दारातून वळून "येतो काका" म्हणेल. म्हणाला नाही. चंपाबाईही म्हणाली नाही. मी मागून ओरडलो, "अरे, येतो म्हणावं माणसानं!" कडुबा थांबला. पण वळला नाही. तसाच गेला.

मला फार राग आला. माझ्याच घरात, माझ्या सख्ख्या भावाचा पोरगा. कुठल्या घरातून निघताना माणूस येतो म्हणत नाही, ते मला चांगलं माहीत आहे. पंचाहत्तरी ओलांडली मी, अशा घरांतून किती वेळा न बोलता उठून आलोय. पण आपल्याकडं तसलं काही झालेलं नाही. झालं असतं तर मला सांगितलं असतं.

गोकुळला विचारावं, असं दहादा मनात येतं. तोंड उघडतो आणि दुसरंच काही विचारतो. पाणी आलं का, गॅस संपला का. विचारलं की उत्तर येतं, त्याची मला धास्ती वाटते.

३१ मार्च, सोमवार

काल पाडवा झाला. आपल्या घरावर गुढी नाही. सगळ्या गल्लीत गुढ्या आणि आपलं दार ओकंबोकं. तनुजा म्हणाली, "काठी मोडली मामा." मी म्हणालो, मी आणतो दुसरी, बाजारात मिळते. ती म्हणाली, "राहू द्या या साली." देवघरात दिवा लावला होता मात्र. गोडाचं काही केलं नाही, वरण-भात केला.

आज ईद. दरवर्षी जहांगीरकडून शीरखुर्म्याचं पातेलं येतं आणि तू अर्धं एकटाच खायचास. आज गुलशन रिकाम्या हातानं आली. मी म्हणालो, काय गं, यंदा आम्हाला विसरलात? ती म्हणाली, "नहीं चाचा, अब्बा बोले इस साल नक्को." आणि तनुजाच्या गळ्यात पडली. ईदेला गळाभेट घेतात, पण अशी घेत नाहीत.

दुपारी जहांगीर आला. नवे कपडे नव्हते घातलेले. माझ्या शेजारी खाटेवर बसला. मी म्हणालो, "जहांगीर, उद्या सिनेमाला येतोस का?"

"कौनसा?"

"कुठला पण. माणसं असलेला."

तो म्हणाला, "कारभारी, कब तक देखेगा रे?"

मी म्हणालो, दिसेपर्यंत. तो उठून गेला. तोही येतो म्हणाला नाही, पण तो कधीच म्हणत नाही, खुदाहाफिज म्हणतो. आज तेही म्हणाला नाही.

१३ एप्रिल, रविवार

जहांगीर आता सिनेमाला येत नाही म्हणतो. गुडघे दुखतात. मी एकटा जातो. तनुजाला जहांगीरकडं बसलो होतो असं सांगतो, आणि आश्चर्य म्हणजे ती खोदून विचारत नाही. पूर्वी कोपऱ्यापर्यंत सोडत नव्हती. सरकत्या जिन्यावर एकट्यानं चढायला शिकलो. डोळे मिटून पाय टाकायचा.

देवाचा सिनेमा पाहिला. दरबारात माणसं पुष्कळ, पण सगळ्यांना दाढ्या आणि मुकुट लावलेले. दाढीत ओळखायचं कसं? डोळ्यांवरून ओळखावं म्हटलं तर देव मधे येतो. त्याच्या तेजानं मागचं सगळं पांढरं होतं. देवाच्या सिनेमात मागच्या माणसांना किंमत नाही.

मराठी पण पाहिला. आई आणि मुलगा, दोनच माणसं, एक खोली, पाऊण सिनेमा गप्प. अभिनय चांगला असेल, मला त्यातलं कळत नाही. मराठी सिनेमात गर्दीच नसते. परवडत नसेल बिचाऱ्यांना. शेवटी मुलगा घरी परत येतो का, ते दाखवलंच नाही, दार वाजतं आणि सिनेमा संपतो. बाहेर एक शिकलेला माणूस बायकोला सांगत होता की हीच तर गंमत आहे. मला त्याचा गळा धरावासा वाटला. दार वाजलं तर उघडून दाखवायला काय जातं यांचं?

१८ एप्रिल, शुक्रवार

सत्यम! दिसलास!

घाईत लिहितोय, वाचता आलं नाही तर समजून घे. आजच लागलेला विनोदी सिनेमा. लग्नाचा गोंधळ, नवरी बदलते, मामाचं धोतर सुटतं, असलं काहीतरी. मला त्यात हसू आलं नाही, मी मागंच बघत होतो. मांडवात जेवणाची टेबलं. लाल कोट घातलेले वाढपी उभे. डावीकडून दुसरा तू. हातात गुलाबजामचं ताट. केस तेलानं चापून बसवलेले, तुला असे शोभत नाहीत. बाकीचे वाढपी सांगितल्यासारखे पुढच्या हिरोकडं बघत होते. तू नाही. तू सरळ इकडं बघितलंस. पडद्यातून माझ्याकडं. आणि हसू दाबल्यासारखं केलंस, तुझ्या डाव्या गालाला पडते ती खळी पडली. मग मामा मधे आला.

मी मोठ्यानं "सत्यम!" म्हणून ओरडलो. शेजारचा म्हणाला, "ओ बाबा, काय झालं?" मी म्हणालो, माझा नातू. तो म्हणाला, हिरो? मी म्हणालो, हिरोला काय करायचंय, वाढपी!

रिक्षानं घरी आलो. गोकुळ कामावर होता. तनुजाला सांगितलं. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. म्हणाली, "मामा, नीट बघितलं ना?" मी म्हणालो, खळी दिसली. ती खाली बसली. मग म्हणाली, "मला न्या."

२० एप्रिल, रविवार

आज सगळे गेलो. मी, गोकुळ, तनुजा, जहांगीर. तनुजानं जाताना केस विंचरले, कितीतरी दिवसांत पहिल्यांदा. गोकुळ तिकिटं काढायला गेला तर त्याला पैसे मोजता येईनात. जहांगीरनं काढली.

मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की मांडव आला की डावीकडं बघा, पापणी मिटू नका, लगेच जातो. मांडव आला. मी तनुजाच्या दंडाला हात लावला. तू आलास, ताट घेऊन. बघितलंस.

तनुजा उठून उभी राहिली. मागून एक जण ओरडला, "ओ बाई, बसा की खाली!" तेवढ्यात मामाचं धोतर सुटलं आणि सगळं थिएटर हसायला लागलं. त्या हसण्यात तुझ्या आईनं जो आवाज काढला तो मी आजपर्यंत ऐकलेला नाही. गाय हंबरते तसा, पण गायीचा नाही. गोकुळनं तिला धरलं, आणि तिला धरता धरता तोही वाकला. जहांगीर तोंडावर रुमाल धरून बसला होता. लोक अजून हसतच होते. मीच एकटा सरळ बसलो होतो, कारण मला वाटलं, पोरगं दिसलं, आता तर आनंद व्हायला पाहिजे.

सिनेमा संपल्यावर गोकुळ दारावरच्या पोराला म्हणाला, "दादा, तेवढं एक मागं घेऊन परत लावता येतंय का?"

ते पोरगं म्हणालं, "काका, टीव्ही थोडीच हाय. पुढच्या खेळाला या."

पुढच्या खेळाला बसलो. चौघंही. दुसऱ्यांदा तनुजा ओरडली नाही. हात जोडून बसली होती.

बाहेर पायऱ्यांवर गोकुळ मला म्हणाला, "दादा, बसा जरा. एक सांगायचंय."

मी म्हणालो, "आधी घरी चल."

"दादा, त्या पिक्चरचं शूटिंग दिवाळीनंतरचं हाय. जुनं असतंय ते."

"परवा लागलेला सिनेमा जुना कसा असंल?"

"तसंच असतंय दादा. सत्यम…"

मी कानावर हात ठेवले. खरंच ठेवले, लहान पोरासारखे, सगळ्यांसमोर. जहांगीर म्हणाला, "गोकुळ, रहने दे बेटा. आज रहने दे."

२१ एप्रिल, सोमवार

सकाळपासून गोकुळ कामावर गेलेला नाही. दारात बसलाय. मी या खोलीत बसून लिहितोय आणि तो मधून मधून आत डोकावतो. मी लिहितोय तोवर तो बोलणार नाही, म्हणून थांबत नाही.

मी हिशेब केला. सिनेमा शुक्रवारी लागला. शिळी भाजी शुक्रवारी ताजी म्हणून कोणी मांडत नाही. एवढी मोठी कंपनी, एवढा खर्च, ते लोक जुना माल कशाला दाखवतील? तू कोट घालून उभा होतास, ताट सरळ धरलं होतंस, चेहरा भरलेला होता. म्हणजे आत्ता आत्तापर्यंत तू नीट होतास. हे मी गोकुळला समजावून सांगणार आहे. त्याचं शिक्षण माझ्यापेक्षा जास्त आहे पण त्याला साधं कळत नाही.

तो काय सांगणार आहे ते मला ठाऊक नाही. ठाऊक नाही असंच मी लिहितो. त्यानं सांगितलं तर मग मी हे कोणासाठी लिहायचं?

येत्या शुक्रवारी दोन नवीन लागतायत. एकात कोर्ट आहे, एकात मोर्चा. मी जाणार आहे. माझी काळजी करू नको, छाती बरी आहे, सकाळी थोडी दुखली तेवढीच.

सत्यम, मला पैसे नकोत, कपडे नकोत, घरी येच असंही मी म्हणत नाही. फोन जमा केला असेल तर दुसऱ्या कोणाच्या फोनवरून कर. बोलू नको वाटलं तर बोलू नको, नुसती घंटी दे. तुझ्या आईला काल घरी आल्यावर मी पहिल्यांदा जमिनीवर लोळताना पाहिलं. तिच्यासाठी तरी दे. गोकुळ आता उठला, चपला काढून आत येतोय. लवकर कळव, बाबा. तो बोलायच्या आत कळव.